चित्रांच्या खोलीतल्या सिस्टर

मेडिकलच्या क्लासचं होस्टेल सोडून आलेली माझी मुलगी घरात कुणाशी बोलेनाशी झाली होती. म्हणून दर मंगळवारी मी तिला अहमदपूरहून लातूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. डॉक्टरांनी तपासलं की मानसोपचार विभागातल्या सिस्टर तिला चित्रांच्या खोलीत बसवायच्या.

सिस्टर भूकंपातून वाचलेल्या. टेबल कायम दाराला लागून मांडायच्या आणि दार उघडंच ठेवायच्या. त्यांचं बोलणं तुटक. कुणाचंही चित्र पाहिलं की "हाव", म्हणजे नुसतं हो, म्हणून पुढे जायच्या. चांगलं म्हणायच्या नाहीत, वाईट तर नाहीच.

एकदा मोठ्या डॉक्टरांबरोबर एका संस्थेचे पाहुणे आले. त्यांना पेशंटांच्या चित्रांची स्पर्धा घ्यायची होती. ते ऐकताच मुलीनं ब्रश ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सिस्टरनी ते पाहिलं.

"साहेब," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "या खोलीत नंबर लावायचा न्हाई. काही लेकरं नंबरापायीच इथं आलीत."

डॉक्टर पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

सिस्टरनी मुलीशेजारी बसून एक वेडावाकडा बैल काढला. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"सिस्टर, शिंगं कुठंयत?"

"राहिली की गं. तू काढ."

तिनं लालभडक शिंगं काढली, पार कागदाबाहेर टेबलापर्यंत. सिस्टर म्हणाल्या, "हाव."

स्टँडवर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, भूक लागलीय. भजी घेऊ या?"

किती महिन्यांनी तिनं आपणहून काही मागितलं होतं.