बर्फावर नव्हे, दिल्लीत

अंटार्क्टिकाच्या तळावर आख्खा हिवाळा काढायला माझी निवड झाली, तेव्हा भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या घरी पेढे नाही आले, काका आले. मे महिना होता. कूलरसमोरची खुर्ची बळकावून त्यांनी बाबांना झापलं, "एवढ्या गड्यांत पोरगी धाडून राहिला का तू? कावून? बर्फ मोजाले?"

पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीपुढे जन्म घालवलेले बाबा, पण मोठ्या भावापुढे तोंडाला कुलूप. माझं डोकंच फिरलं.

मी सांगू लागले. विषुववृत्ताजवळचा पॅसिफिक तापला की वाऱ्यांच्या वाटा बदलतात, थेट दक्षिण ध्रुवापर्यंत. ते वारे कुठे बर्फ ढकलून नेतात, कुठे खोलातलं कोमट पाणी बर्फाच्या बुडाशी आणतात. आपला पाऊसही कित्येकदा तोच समुद्र अडवतो.

काका हसले. "कुठं तो समुद्र अन् कुठं तो बर्फ! मधात आर्धी दुनिया हाय. उल्लू बनवून राहिले तुले."

मग ते उठले आणि थंडी बाहेर चालली म्हणत मागच्या खोलीची खिडकी लावून आले. हयात भिलाईत गेली, साधा कूलर कळला नाही, आणि हे मला ध्रुव शिकवणार! थोड्याच वेळात बैठकीत नुसती चिकचिक झाली. काका बनियनवर आले आणि कूलरला शिव्या देऊ लागले.

बाबा मुकाट्याने आत गेले. खिडकी उघडल्याचा आवाज आला, इकडे पडदा हलला. "तिकडची खिडकी लावली म्हणून इथची हवा अडली, दादा," ते परत येऊन म्हणाले. "पोरगी हेच सांगून राहिली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जिंकले.

काका चहा न घेताच गेले. दार लावून बाबा हळूच म्हणाले, "जाय तू. पण लोकाईले मी सांगतो, पोरीनं ते सोडलं, दिल्लीले नोकरी धरली म्हणून."

मी गेले. सूर्य न उगवणाऱ्या दिवसांत समुद्रावरचा बर्फ मोजला, वादळात दोर धरून चालले, नाकाची सालं निघाली.

परतले तेव्हा दुर्ग स्टेशनवर बाबांसोबत काकाही होते. "माह्यं ऐकलं म्हणून बरं झालं," ते साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाई तं मेली असती बर्फात."

बाबांनी खाली वाकून माझी बॅग उचलली. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.