परक्या केसांची पट्टी

उद्या सुलूला, माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला पाहुणे येणार. टायफॉइडने तिचे केस विरळ झाले, म्हणून मी शहरातून खऱ्या केसांची पट्टी आणली. पाहुण्यांसमोर केस गळू नयेत म्हणून पट्टीच्या शिवणीवर दोन्ही बाजूंनी गोंद लावला आणि ती दोरीवर वाळत घातली. वारा नव्हता, तरी टोकं हळूहळू वळत होती.

“ताई, हे केस जिचे, ती बाई जिवंत असेल ना गं?” सुलूने विचारलं. “नसली तर मी नाही लावणार.”

आईने शिकवलं म्हणून घरातली पहिली पदवी माझी. त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. डोक्यावरून उतरलेला केस कुणाचा राहतो, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

गोंद वाळल्यावर कंगवा फिरवला, तरी चार केस निघालेच. आईने सवयीने ते बोटाभोवती गुंडाळले आणि कुणी करणी करू नये म्हणून आमच्या गुंतवळावर थुंकते, तशी तीनदा थुंकली. मग थबकली. हे आमचे केस नव्हते. तिने दाराकडे पाहिलं, तिथे कुणी उभं असावं तसं.

“ये सुलू, बस इथं,” ती हळूच म्हणाली. “जिथं असेल तिथं, तिला आता काही बाधायचं नाही.”

सुलूने मान पुढे केली.