चाकाखालची लिंबं

ठाकुर्लीच्या पुलावर भर गर्दीत बाबांना गियर टाकता येईना. शेजारी आई, मागे हॉर्नचा गदारोळ, आणि एक रिक्षावाला उतरून काचेवर टकटक करत होता. आईने मला फोन केला. मी राहतो कोपरीला, पण रविवार असल्यामुळे नेमका डोंबिवलीला त्यांच्याच घरी आलेलो होतो. मी रिक्षा करून तिथे पोचलो.

बाबा गाडीतून उतरून बाजूला उभे होते. "दांडा हलतोय रे," ते म्हणाले, "पण पुढे काही पोचतच नाही."

मी आत बसलो, क्लच दाबला, पहिला गियर टाकला. पडला. एका फटक्यात पडला. मला तेवढा पुरावा पुरेसा होता.

"बाबा, आता बास. तुमच्या हातात जोर राहिलेला नाही," मी म्हणालो. हळू म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी ते पुलावर, त्या रिक्षावाल्यासमोर, चांगलं खणखणीत म्हणालो. रिक्षावाल्याने मान डोलावली, आणि मला बरं वाटलं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

घरी आल्यावर गाडीची किल्ली मी माझ्या खिशात टाकली. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी कल्याणला न्यावं लागतं. ते काम बाबांचं, आणि त्यांना त्याचा अभिमान. "रिक्षाने जाऊ," एवढंच ते म्हणाले. मला गाडी शिकवली ती त्यांनीच, टिटवाळ्याला मोकळे प्लॉट होते तेव्हा. गियरकडे बघायचं नाही, हा त्यांचा एकमेव नियम. मी खाली बघितलं की टपली मिळायची. "डोळे रस्त्यावर. गियर हाताला कळला पाहिजे." त्याच माणसाच्या हातात जोर नाही, असं मी जाहीर करून टाकलं होतं.

पुढच्या काही आठवड्यांत गाडी माझ्याकडेच होती. मी डोंबिवलीला गेलो की बाबा टीव्हीसमोर बसून स्पंजचा पिवळा चेंडू दाबत असायचे. मला वाटलं, वेळ जात नसेल.

आणि मग एक दिवस टिटवाळ्याच्या रस्त्यावर माझ्याच हातात दांडा झुलायला लागला. इकडे केला तरी तसाच, तिकडे केला तरी तसाच. दांडा हलत होता आणि पुढे काही पोचत नव्हतं. बाबांचे शब्द मला शब्दशः आठवले.

दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात, एक दांड्याचं पुढे-मागे पोचवते आणि दुसरी डावं-उजवं. त्यातल्या दुसरीच्या तारा आतल्या आत तुटत आल्या होत्या. अशी केबल एखाद्या दिवशी धरते, एखाद्या दिवशी सोडते. पुलावर बाबांच्या हातात तिने सोडलं आणि माझ्या हातात धरलं. माझं कौशल्य ते एवढंच.

सरळ बाबांना फोन करायला हवा होता. मी काय केलं? टोचन करून गाडी डोंबिवलीला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली, कारण आई-बाबा तेव्हा मावशीकडे अलिबागला गेलेले होते. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला बोलावलं नाही. तो बाबांचा दोस्त, "काका, केबल गेली होती तुमची," असं पहिल्या भेटीत सांगून मोकळा झाला असता. म्हणून मी स्वतःच नवीन केबल आणली, मोबाईलवर व्हिडिओ लावले आणि कामाला लागलो. बेत असा की गाडी गुपचूप नीट करायची आणि दसऱ्याला किल्ली मोठ्या मनाने परत द्यायची. पुलावरचा विषय काढायचाच नाही.

खंडेनवमीला दिवसभर मी त्या गाडीत उलटासुलटा होऊन पडलो होतो. दांड्याभोवतीचं प्लास्टिक काढलं, जुनी केबल ओढून काढली, बोटं सोलून घेतली. नवीन केबल बसवताना दांडा मधोमध, न्यूट्रलला, ठेवून मगच गियरबॉक्सकडची क्लिप दाबायची असते. हे मी व्हिडिओत तीनदा ऐकलं होतं. पण पान्यांची पिशवी मी त्याच दांड्याला अडकवलेली, तिच्या वजनाने तो उजवीकडे कलला होता, आणि मी बॉनेटखाली डोकं घालून क्लिप दाबून मोकळा झालो. इंजिन बंद ठेवून गियर टाकून बघितले. खट खट पडले. फक्त रिव्हर्स घट्ट लागत होता. नवीन आहे, होईल सैल, असं म्हणालो आणि जुनी केबल डिकीत, स्टेपनीखाली, दडवून ठेवली.

चालवून बघणार तेवढ्यात आई-बाबांची रिक्षा गेटमधून आत आली. आईने बॅग खाली ठेवायच्या आधी बादली मागवली. खंडेनवमीला गाडी धुतली की दसऱ्याची पूजा होऊन चाकाखाली लिंबं फुटेपर्यंत ती हलवायची नाही, हा तिचा नियम. गाडी धुऊन झाल्यावर मी "जरा एक फेरी मारून येतो," म्हणालो. "अरे, धुतलेली गाडी आता कुठे नेतोस? उद्या ने," ती म्हणाली. फेरी का हवी ते सांगायचं तर केबलचं सांगावं लागलं असतं. मी किल्ली परत खिशात टाकली.

दसऱ्याच्या सकाळी पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या हार घालून उभ्या होत्या. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी खिशातून किल्ली काढून बाबांच्या हातावर ठेवली. "बाबा, तुम्हीच काढा गाडी."

त्यांनी किल्लीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "नक्की?" असं त्यांनी विचारलं. शाळेतल्या मुलासारखे खूश झाले होते. मी लिंबं फुटतानाचा व्हिडिओ काढायला पुढे जाऊन उभा राहिलो.

बाबांनी रस्त्यावर नजर ठेवून पहिला गियर टाकला, आणि गाडी झटक्यात मागे गेली. मागे सोसायटीच्या सेक्रेटरीची स्कूटर उभी होती, ती हारासकट आडवी झाली. कोणाला लागलं नाही. लिंबं जशीच्या तशी जमिनीवर राहिली.

लोक धावले. "काका, रिव्हर्स पडला वाटतं!" "होतं हो या वयात." सेक्रेटरी भला माणूस, स्कूटर उचलता उचलता म्हणाला, "राहू दे काका, सणाचा दिवस आहे." बाबा स्टेअरिंग धरून बसले होते. मग उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझंच चुकलं. हातात जोर राहिला नाही आता."

माझेच शब्द, पुलावरचे.

"नाही, नाही," मी म्हणालो. "बाबांचं काही चुकलेलं नाही. केबल मी बदलली, मीच चुकीची बसवली. पहिला टाकला की शेजारचा रिव्हर्स पडतोय."

सेक्रेटरीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "कळतं रे आम्हाला. वडिलांना असं सांभाळून घेणारा मुलगा आजकाल कुठे मिळतो?" बाकीच्यांनी माना हलवल्या. बाबांनीही माझ्याकडे मायेने बघितलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. वाईट वाटून घेऊ नकोस." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या कौतुकात कळलं.

मी डिकी उघडली. सगळ्यांच्या देखत स्टेपनी उपसली आणि ती तेलकट, तुटलेली केबल बाबांच्या हातात दिली. त्यांनी बोटाने तुटलेल्या तारा चाचपल्या.

"ही कधी तुटली?"

"पुलावर तुटत आली होती, बाबा. तुम्ही बरोबर सांगत होतात. मला कळून बरेच दिवस झाले."

आई लिंबं उचलायला म्हणून खाली वाकली ती वर बघेचना. बाबांनी केबल उलटीपालटी करून बघितली. रागावले असते तर मी सुटलो असतो.

"म्हणजे डॉक्टरकडे मी उगाच गेलो," ते म्हणाले. "ते म्हणत होते, हात ठीक आहे. माझाच विश्वास बसेना. म्हणून तो चेंडू आणला."

केबल मी त्याच दुपारी पुन्हा लावली, या वेळी गॅरेजवाल्याला बोलावून, त्याला सगळं सांगून. संध्याकाळी बाबांनी लिंबं फोडली. किल्ली परत त्यांच्याकडे आहे. आईला ते कल्याणला नेतात, परवा मीही मागच्या सीटवर होतो. त्याच पुलावर गाडी हळू झाली, पुढे जरा जागा मिळाली. गियर बदलायच्या आधी बाबांनी रस्त्यावरची नजर काढली आणि खाली, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं.