सुलेखाकाकूंनी पाळलेला शब्द

जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठात सुलेखा करमरकर नेमकं काय करते, हे पुण्यातल्या नातेवाइकांना कधी नीट कळलं नाही. नणंद दर फोनला विचारायची, "म्हणजे तू होस्टेलची रेक्टरच ना गं?" आणि सुलेखा "तसंच काहीसं" म्हणून विषय संपवायची. लग्नाआधी पुण्यात मुलींच्या वसतिगृहावर तिने खरंच नोकरी केली होती. मग नवरा देवदत्त लेझरवर संशोधन करायला येनाला आला, त्याच्यामागून ती आली, चिकाटीने जर्मन शिकली आणि विद्यापीठात लागली. पुढे विद्यार्थी-संघांचं काम तिच्याकडे आलं.

या संघांना तिकडे फेअरबिंडुंग म्हणतात. काही फार जुने, मुलांचे. रंगीत टोपी, छातीवर तिरकी पट्टी, टेकडीच्या उतारावर संघाचं स्वतःचं घर. आणि त्या घरात एकदा राहिलेला माणूस म्हातारा झाला तरी संघाचा भाऊच. मुलींचे संघ अलीकडचे, लहान. यातला कुठलाच संघ विद्यापीठाच्या हुकमात नसतो, त्यामुळे सुलेखाचं काम गोडीगुलाबीचं. नव्या मुलांना पिण्याची जबरदस्ती होऊ नये, प्रत्येक पार्टीत निदान दोघं शुद्धीवर असावेत, शेजाऱ्यांची भांडणं पोलिसांपर्यंत जाऊ नयेत, परदेशी मुलांना दारं उघडी असावीत. एका जुन्या संघाच्या आजोबांनी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "बाई, आमच्या घरात तुमचं काय काम?" सुलेखाने त्यांच्याकडून संघाचा सगळा इतिहास ऐकून घेतला, दोन कप कॉफी प्यायली आणि उठताना विचारलं, "हे सगळं छान आहे. पण झिंगलेल्या पोराला घरी कोण पोचवतं?" आजोबा हसले. त्यानंतर त्या घरात तिला कुणी अडवलं नाही.

मुलांना ती आवडायची, कारण ती ऐकायची आणि पोटात ठेवायची. कुणाचं परीक्षेत बुडालेलं वर्ष, कुणाचं फिसकटलेलं प्रेम, सगळं तिच्या खोलीत येऊन पडायचं आणि तिथेच राहायचं. विद्यापीठाचा नियमही तसाच होता. श्वाइगेफ्लिश्ट, म्हणजे मौनाचं बंधन. सज्ञान विद्यार्थ्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय आईबापांनाही सांगायची नाही. सुलेखाला या नियमाचा अभिमान होता. पुण्याच्या वसतिगृहात मुलगी जरा उशिरा आली की घरी फोन जायचा, आणि त्या फोनांनी कितीजणींची शिक्षणं सुटली ते तिने पाहिलं होतं.

अश्लेषा खोत तिच्याकडे आली ती रडत नव्हती, पण रडून आलेली होती. इचलकरंजीची मुलगी, भिंगांच्या काचेवर पीएचडी करायला आलेली. "काकू, मी शुक्रवारी प्रयोगशाळेतून निघते ती सोमवारपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नाही," ती म्हणाली. सुलेखाने तिला 'लिंडे' नावाच्या मुलींच्या संघात नेलं. सहा जर्मन मुली, एक जुनं तीन मजली घर, मागे अक्रोडाचं झाड. त्यांची प्रमुख फ्रीडरिके ही उंच, कमी बोलणारी, वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी. महिन्याभरात अश्लेषा तिथे राहायला गेली. दिवाळीला तिने सगळ्यांना चकल्या करायला बसवलं. संघात घेण्याच्या समारंभाला सुलेखा आणि देवदत्त दोघंही गेले. फ्रीडरिकेने हिरवी-पांढरी पट्टी तिच्या खांद्यावरून घातली आणि म्हणाली, "आयुष्यभरासाठी." अश्लेषाने मराठी वळणाच्या जर्मनमध्ये तेच म्हटलं. त्या दिवशी घरी येताना देवदत्त म्हणाला, "तुझी नोकरी आज पहिल्यांदा मला कळली बघ."

पुढच्या उन्हाळ्यात अश्लेषाला ताप येऊ लागला. रक्त तपासलं आणि ल्युकेमिया निघाला.

सुलेखा दवाखान्यात पोचली तेव्हा फ्रीडरिके पलंगाशी बसून होती. अश्लेषा अगदी शांत होती. ती म्हणाली, "काकू, घरी सांगायचं नाही. बाबांची बायपास नुकतीच झालीय. आई एकटी काय काय सांभाळेल? डॉक्टर म्हणतात बरं होण्याची शक्यता चांगली आहे. बरी झाले की मीच सांगेन."

"अगं, आईला तरी..."

"आईच्या तोंडावर सगळं दिसतं. शब्द द्या, काकू."

सुलेखाने शब्द दिला. नियम तोच होता, मुलगी सज्ञान होती, आणि डॉक्टरही आशेने बोलत होते.

लिंडेच्या मुलींनी ते आजारपण वाटून घेतलं. कुणी दवाखान्यात बसायची, कुणी कपडे धुवायची, कुणी तिच्यासाठी मऊ खिचडी करायला सुलेखाकडून शिकून गेली. केस गळले तेव्हा अश्लेषाला एकच काळजी होती: रविवारचा आईचा व्हिडिओ कॉल. त्या रविवारी सातहीजणी डोक्याला रंगीत रुमाल बांधून कॅमेऱ्यासमोर बसल्या. "आई, आमच्या संघाचा आठवडा आहे," अश्लेषाने सांगितलं. पलीकडून आई, नंदिनीताई, हसल्या. "शोभतंय गं तुम्हाला! त्या उंच पोरीला जास्तच शोभतंय," त्या म्हणाल्या. सुलेखा खोलीच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभी होती. तिलाही हसू आलं.

त्यानंतर तिने अश्लेषाला पुन्हा पुन्हा विनवलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "पुढचा रिपोर्ट येऊ दे." रिपोर्ट चांगला आला, तर म्हणाली, आता थोडंच राहिलंय, आता कशाला. सुलेखा घरी येऊन देवदत्तशी बोलायची. "अहो, मी चुकतेय का?" तो म्हणायचा, "नियमाने तर नाही." त्यांचा मुलगा कबीर फ्रँकफर्टला नोकरी करायचा. त्या दिवसांत सुलेखा त्याला कारण नसताना फोन करू लागली. तो वैतागून जर्मनमध्ये म्हणायचा, "आई, सगळं ठीक आहे, तू काल पण विचारलंस."

मग एका आठवड्यात सगळं फिरलं. केमोने अंगातली ताकद संपलेली, त्यात जंतुसंसर्ग झाला. सकाळी बोलत असलेली अश्लेषा दुपारी अतिदक्षता विभागात गेली आणि संध्याकाळी तिला व्हेंटिलेटर लावला. आता परवानगी विचारायला कुणी उरलं नव्हतं. सुलेखाने दवाखान्याच्या व्हरांड्यातून इचलकरंजीला फोन लावला. नंदिनीताईंनी उचलला. सुलेखाने आपलं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. नंदिनीताईंनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

फोन ठेवला गेला.

व्हिसासाठी सुलेखाने, विद्यापीठाने, दूतावासातल्या ओळखीच्या माणसाने, सगळ्यांनी धावपळ केली, आणि व्हिसा खरोखर लवकर मिळाला. तरी आईवडील येनाला पोचायच्या आदल्या दिवशी अश्लेषा गेली. हात फ्रीडरिकेच्या हातात होता.

स्टेशनवर सुलेखाच गेली. वडील, दीनानाथ, शालीत गुंडाळलेले, हळूहळू पायऱ्या उतरत होते. नंदिनीताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्यात त्या मुलीजवळ बसल्या, तिच्या डोक्यावरून, जिथे केस नव्हते तिथून, हात फिरवत राहिल्या. बाहेर आल्यावर मात्र त्या सुलेखासमोर उभ्या राहिल्या.

"ते रुमाल," त्या म्हणाल्या. "मी हसले होते, मॅडम. माझी पोर मरत होती आणि मी तिला शोभतंय म्हणून हसले."

"नंदिनीताई, तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"ती पोर होती हो. ती म्हणणारच. तुम्हाला मूल आहे?"

"मुलगा आहे."

"मग तुम्हाला कळायला नको होतं?"

नियम सुलेखाच्या जिभेवर आला होता, पण त्या बाईसमोर तो शब्द उच्चारणं तिला शक्य झालं नाही.

अंत्यसंस्कार येनालाच झाले. नंदिनीताईंनी सोबत आणलेली मोतिया रंगाची साडी मुलीला नेसवली. सुलेखाला त्यांनी हात लावू दिला नाही. लिंडेच्या मुली काळ्या कपड्यांत, छातीवर आपापल्या पट्ट्या घालून आल्या होत्या. फ्रीडरिकेने पुढे होऊन अश्लेषाची हिरवी-पांढरी पट्टी शवपेटीवर ठेवायला हात पुढे केला आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. नंदिनीताईंनी सुलेखाला विचारलं, "ती काय म्हणतेय?"

"ही पट्टी आयुष्यभराच्या नात्याची आहे. तिच्यासोबत जावी असं त्यांना वाटतं."

"नको म्हणून सांगा. त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. कसलं नातं?"

ते वाक्य जर्मनमध्ये करून सांगण्याचं काम सुलेखाचंच होतं. तिने पहिलं वाक्य सांगितलं आणि पुढे गप्प झाली. फ्रीडरिकेला बहुधा न सांगताच समजलं. तिने पट्टीची घडी केली आणि मागे सरकली. दीनानाथ तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना तो बराच उंच करावा लागला. दोघंही रडत होते.

विद्यापीठात चौकशीसारखं काही झालं नाही, व्हायचं कारणही नव्हतं. विभागप्रमुखांनी सुलेखाला बोलावून आपुलकीने सांगितलं, "तुम्ही सगळं बरोबर केलंत." तेवढ्याने ती कोलमडली. चूक केली असं कुणी म्हटलं असतं तर माफी मागायला जागा राहिली असती.

त्या हिवाळ्यात ती भारतात गेली तेव्हा एकटीच इचलकरंजीला जाऊन आली. यंत्रमागांच्या खडखडाटात घर सापडायला वेळ लागला. नंदिनीताईंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा केला. तिकडे थंडी फार असेल ना, म्हणाल्या. दीनानाथांची तब्येत सांगितली. अश्लेषाचा विषय दोघींपैकी एकीलाही काढता आला नाही. निघताना सुलेखा वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. "मॅडम, तुम्ही वाईट नाही, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा येऊ नका. तुम्हाला पाहिलं की मला वाटतं, ती अजून तिकडे आहे आणि तुम्ही मला सांगत नाही."

लिंडेचं घर पुढच्या वर्षी बंद झालं. दोघी मुली गाव सोडून गेल्या, फ्रीडरिके लाइपझिगच्या इस्पितळात लागली. अश्लेषाच्या खोलीत कुणाला ठेवायचं हा प्रश्न कुणीच काढला नाही, आणि तिथूनच सगळं सुटत गेलं.

सुलेखा अजून त्याच खात्यात आहे. संघांच्या बैठका घेते, नव्या मुलांचं स्वागत करते, भांडणं मिटवते. फक्त एखादी मुलगी दार लोटून आत आली आणि आवाज उतरवून "एक सांगायचंय, पण घरी कळता कामा नये," असं म्हणाली, की सुलेखा तिला हाताने थांबवते. म्हणते, "मग मलाही सांगू नकोस, बाळा. आधी आईला फोन कर. नाहीतर समुपदेशकांकडे जा, त्या चांगल्या आहेत." मुली जरा गोंधळतात, आभार मानून निघून जातात. आता सगळ्यांनाच तिचं हे वागणं ठाऊक झालंय, आणि हल्ली कामाशिवाय तिच्याकडे फारसं कुणी येत नाही.