लातूरच्या कॅथलॅबमधली धडधड

आमच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात वायर घालतात त्या खोलीत, पेशंट टेबलावर पडला की त्याला हलायला बंदी. पण पुरती भूल नसते, नुसतं गुंगीचं औषध. म्हणजे हातपाय बंद, तोंड चालू. मी टेक्निशियन, समोर मशीनवर बसतो. किस्से गोळा करायला मला उठावंसुद्धा लागत नाही.

काही जणांचे ठोके बेताल पडतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत करंट सैरावैरा पळतो. मग हैदराबादहून आमचे डॉक्टर येतात, जांघेतल्या शिरेतून बारीक वायर थेट हृदयात नेतात आणि नेमकी जागा भाजतात. याला म्हणायचं ॲब्लेशन.

डॉक्टरांचं मराठी जेमतेम. रेणापूरच्या एका पाटलांच्या घरच्यांना त्यांनी धीर दिला तो असा, "घाबरू नका. उद्या सकाळी यांना थोडं जाळायचं."

सगळे गार. पाटलांची बायको पदर सावरत पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "सायेब, जाळायचं ते आमचं आमी बघू. तुमी निस्तं बरं करा."

तेव्हापासून डॉक्टर 'चटका' म्हणतात.

*

नांदेडचे एक रिटायर्ड गुरुजी. पुण्याच्या मुलानं स्मार्टवॉच पाठवलेलं. ते सारखं सांगायचं, ठोके बिघडलेत. गुरुजी दवाखान्यात जायचं सोडून घड्याळवाल्याकडं गेले. त्यानं ते स्वतःच्या हाताला बांधून पाहिलं, शेजारच्या चहावाल्याच्या हाताला बांधून पाहिलं. दोघांचे ठोके सरळ.

घड्याळ परत देत तो म्हणाला, "गुरुजी, हे एकदम ओके हाय. तुमचीच सर्व्हिसिंग करून घ्या."

हे गुरुजींनी टेबलावर पडल्या पडल्या सांगितलं आणि स्वतःच हसायला लागले. डॉक्टरांना वायर धरून थांबावं लागलं.

*

मुदखेडचे एक बुवा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. छातीतला ताल बिघडला तसा हाताचाही बिघडला. गाणारे वैतागले, बुवांनी उलट गाणाऱ्यांनाच दोष दिला. मंडळ फुटायची वेळ आली तेव्हा कुठं ते आमच्याकडं आले.

दुसऱ्या दिवशी बुवा मॉनिटरच्या आवाजावर पलंगाच्या कडेला बोटं वाजवत बसलेले. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय.

"ठेका बसला, सायेब. पण लईच सरळ वाजून राहिलाय. आधी जरा मजा हुती."

*

लोह्याचे माधवराव, भुसार दुकानवाले. शॉक देऊन ठोके जागेवर आणले होते, पण ते परत बिघडले. दुकानाच्या पायऱ्या चढतानाही त्यांना दम लागायचा. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, रुक्मिणबाईंना, आधीच सांगितलेलं की या वेळीही जमेलच असं नाही. त्या मांडीवर जेवणाचा डबा घेऊन दारासमोरच्या बाकावर बसून राहिल्या.

आत चटके देऊन झाले तरी माझ्या स्क्रीनवरची रेघ वेडीवाकडीच. डॉक्टर घामाघूम. शेवटचा एक देऊन बघू म्हणाले.

तेवढ्यात माधवराव गुंगीतच, पण अगदी स्पष्ट बोलले, "सुमन."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी सिस्टरकडं. आणि त्या शेवटच्या चटक्यात रेघ तालात आली. ठक, ठक, ठक.

बाहेर जाऊन मी रुक्मिणबाईंना सांगितलं की सगळं नीट झालं, ठोके जागेवर आले. वाटलं, रडतील, हात जोडतील. त्यांनी विचारलं, "काई बोलले का?"

मी म्हणालो, गुंगीत होते, काय बोलणार.

बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "सुमन न्हाई म्हणले? झोपेत तर रोजच म्हणतेत."

मी खाली बघितलं.

"म्हणले की," बाई म्हणाल्या. "मंग बरे हायेत."

आणि सकाळपासून तसाच धरून ठेवलेला डबा त्यांनी उघडला, भाकरी मोडली आणि जेवायला लागल्या.