तीन पाड्यांचं केंद्र

बुधवारी सकाळी गोलसर गेले. मी परिपाठाला उभा होतो, तेव्हा फोन आला.

गोलसर हे नाव मुलांनी ठेवलेलं. मुरबाड-शहापूरच्या मधल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. वर्तुळाचं प्रकरण ते कंपास न वापरता सुरू करत. खिचडीच्या खोलीतून परात मागवायचे, फळ्याला टेकवून तिच्याभोवती खडू फिरवायचे आणि परात परत पाठवायचे. "आता सांगा, याचा मध्य कुठं?" मुलं अंदाजानं बोट ठेवत. सर मान हलवत. "अंदाज नको रे. दोन जीवा काढ, त्यांचे लंबदुभाजक काढ. ते भेटतील तिथं मध्य."

जवळच्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. आमच्या गावात चैत्र लागला की विहिरीच्या तळाला बादली आपटते. गावठाण, मधला पाडा आणि कातकरीवाडी मिळून एक हापसा मंजूर झाला, तेव्हा ग्रामसभेत भांडण पेटलं. ते मिटवलं सरांच्या थोरल्या भावानं. वडील लवकर गेले म्हणून दादांनी स्वतःची शाळा सोडून सरांना शिकवलं होतं. ते उठून म्हणाले, "आमचा भाऊ मोजून देल. तिघांना सारका."

सरांनी नकाशावर तीन टिंबं दिली, लंबदुभाजक काढले आणि मुलांना घेऊन ती जागा बघायला निघाले. मीही गेलो. वाडीतली जनी आजी काठी टेकत मागून आली. जागा निघाली डोंगरावर, कारवीच्या रानात, कातळावर. तिन्ही वस्त्या ओढ्याच्या काठानं जवळपास एका रेषेत. विशालकोन त्रिकोणाचं परिकेंद्र, म्हणजे तिन्ही टोकांपासून सारख्या अंतरावरचा बिंदू, त्रिकोणाच्या बाहेर पडतं, हे दरवर्षी फळ्यावर सांगणारा माणूस त्या कातळावर नकाशा उलगडून बसला.

"सर, न्याय तं बराबर केलात," जनी आजी म्हणाली. "तिन्ही पाड्यांना सारकाच मारलात."

सगळ्यांत आधी हसले ते सरच. उतरताना त्यांनी तिला विचारलं, "आजी, तुमी पाणी कुठून आणता गो?"

"वढ्यात झरा खनतो. तुमच्या विहिरीवर आमाला कोन येव देतो?"



पुढच्या ग्रामसभेत सर म्हणाले, "अंतर मी बरोबर मोजलं. पण विहीर कुणाला आहे आणि कुणाला नाही, ते मोजलंच नाही. हापसा वाडीत घाला."

दादा उभे राहिले. "यासाठी शिकवला तुला? त्या हापशाचं पानी माझ्या घरात येनार नाय. तूही येव नको."

हापसा वाडीत झाला. दादा सरांशी बोलेनासे झाले. तरी गणपतीत सर दादांच्या ओटीवर जाऊन आरतीला उभे राहत, प्रसाद घेत आणि परत येत. दादा त्यांच्याकडे बघत नसत. "बोलतील," सर मला म्हणायचे. "हट्टी हायेत, पण कोरडे नायत." असं म्हणताना ते चष्मा पुसत. मी विषय बदलायचो.

बुधवारी सरांना मुरबाडच्या दवाखान्यातून दादांच्याच घरी आणलं, तेव्हा गावठाणातली विहीर आटलेली होती. शेवटच्या आंघोळीला पाणी नव्हतं. वाडीतल्या बायका हंडे घेऊन आल्या आणि अंगणाच्या कडेला थांबल्या. पुढे जनी आजी होती. दादा दारात उभे होते.

"दादा, हापशाचं हाय," ती म्हणाली. "चालंल ना?"

दादा पायऱ्या उतरले. त्यांनी तिच्या डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी उतरवून घेतला, आत नेला आणि स्वतःच भावाच्या अंगावर पाणी घालू लागले. "पाठ नीट भिजू दे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

हापशाला अजून पाणी आहे. गावठाणातले लोकही आता तिथं रांग लावतात. दादांची सून जाते. दादा जात नाहीत.