बॉनेटच्या आतला आकडा

फोन आला तेव्हा मी खळ्यावर होतो. धानाची चुरणी संपत आली होती, पिकअपमध्ये पोती चढवणं चालू होतं आणि कानात मळणीयंत्राचा आवाज इतका भरला होता की नसीम काय म्हणते आहे ते मला दोनदा विचारावं लागलं. "काका, अब्बा गेले." मी विचारलं, "कुठी गेले?" ... कुठी गेले! आजही तो प्रश्न आठवला की माझी मलाच लाज वाटते. पोरगी रडलीसुद्धा नाही. "सकाळी दुकानाचं शटर उचलता उचलता खाली बसले, अन् उठलेच नाई," एवढंच म्हणाली. हनीफभाई. ब्रह्मपुरीचे ऑईलवाले हनीफभाई, जेमतेम अठ्ठावन्न वर्षांचे. पाचच दिवसांपूर्वी माझ्या गाडीखाली शिरून नट आवळणारे. पोती उतरवायचंही मला सुचलं नाही. अर्धी भरलेली गाडी तशीच काढली, आरमोरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला आणि माणसाच्या मातीला धान घेऊन पोचलो. लोक बघत होते. बघू देत.

दोन महिने होत आले. घरचे म्हणतात, आता पुरे. पण मी अजून त्या 'कुठी गेले'पाशीच उभा आहे.

बस स्टँडपासून जरा आत त्यांचं दुकान. आत फळ्यांवर ऑईलचे डबे आणि समोर जमिनीत खोदलेला लांबट खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची, हनीफभाई खाली उतरणार. अठरा वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो. ते फक्त ऑईल बदलायचे. ब्रेक, क्लच, पंक्चर असलं काही घेऊन गेलात तर हात जोडून पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवायचे. ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढून ते आधी तेल बोटाच्या चिमटीत चोळायचे, मग एक थेंब जुन्या पेपरवर टाकून तो कसा पसरतो ते बघत राहायचे. तेवढा वेळ आपण बोललेलं त्यांना चालत नसे. काम झालं की बारीक ब्रश घेऊन पिवळ्या पेंटनं बॉनेटच्या आतल्या बाजूला दोन गोष्टी लिहायच्या, कोणतं ऑईल टाकलं आणि किती किलोमीटरवर परत यायचं. जुना आकडा डिझेलच्या फडक्यानं पुसायचा, नवा लिहायचा. "पावती हरवते गा देवराव, बॉनेट हरवत नाई," असं म्हणायचे. आमच्या भागातल्या कितीतरी पिकअपच्या पोटात त्यांचं ते वळणदार अक्षर आहे.

नवी पिकअप घेतली तेव्हा मात्र मी शहाणपणा केला. गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं होतं की लोडच्या गाडीला दाट ऑईल पाहिजे, दाट तितकी ताकद. मला ते पटलंच. आमच्याकडे पातळ वरण वाढलं तरी माणसं नाराज होतात, मग इंजिनाला पातळ कसं द्यायचं? बाजारातून सगळ्यात दाट डबा आणून मी घरीच टाकला. महिन्याभरात गाडी दम टाकू लागली आणि समोर एक पिवळा दिवा पेटला. त्या दिव्यावर मी काळी टेप चिकटवली. शेवटी चढावर गाडी ओढेनाशी झाली तेव्हा मान खाली घालून खड्ड्यावर नेऊन उभी केली.

हनीफभाईंनी थेंब पेपरवर टाकला, बराच वेळ पाहिला. मग टेप सोलून काढली.

"हे कोनं टाकलं?"

"मले काय माहीत," मी धडधडीत खोटं बोललो.

"लोड पाहून ऑईल नाई टाकत भाऊ, इंजिन पाहून टाकतात. या नव्या इंजिनाच्या सायलेन्सरमंदी जाळी रायते. चुकीच्या ऑईलची राख त्या जाळीत जाऊन बसते. गाडीचं पुस्तक कुठी आहे?"

पुस्तक देव्हाऱ्यात होतं. हसू नका. नव्या गाडीची पूजा झाली तेव्हा चावी आणि पुस्तक देवापुढे ठेवलं होतं. चावी उचलली, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीसकट हळदकुंकू लावून तिथंच राहिलं. आमच्याकडे बऱ्याच घरी ते तिथंच असतं. हे ऐकून हनीफभाई रागावतील असं वाटलं होतं, पण ते हसले. "देवाले ऑईल बदलायचं आहे का गा? जा, घेऊन ये. उद्या जंगलात इंजिन बसलं तं वाघाले हळदकुंकू दाखवशील का?" भर उन्हात कुणाच्या तरी मोटरसायकलवर आरमोरीला जाऊन मी पुस्तक आणलं. त्यांनी हात साबणानं धुतले, कुंकू सांडू न देता पिशवी उघडली, चष्मा लावून ते पान शोधलं आणि तिथं लिहिलेलं पातळ ऑईलच टाकलं. जाळीचं काम पुढे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावं लागलं. तेव्हापासून पुस्तक गाडीच्या कप्प्यात असतं. पण खरं सांगतो, मी ते कधी उघडलं नाही. हनीफभाई होते ना.

एका बाबतीत त्यांनी मला कायम झापलं. मी वेळेवर जात नसे. आकडा उलटून गेला तरी 'चालते ना गाडी' म्हणत चालवत राहायचो. "चालते म्हनून चालवू नको," ते म्हणायचे, "बंद पडाच्या आदल्या दिवशीही गाडी चालतच असते."

शेवटची भेट चुरणी भरात असतानाची. खड्ड्यावर गाडीचं जुनं ऑईल खाली गळत होतं आणि हनीफभाई एका रिकाम्या डब्यावर बसले होते. अठरा वर्षांत मी त्यांना काम चालू असताना बसलेलं पाहिलं नव्हतं. मला ते दिसलं. दिसलं आणि मी काही विचारलं नाही.

"नागपूरले कवा जाऊन राह्यला?" त्यांनी सहज विचारलं.

"काऊन?"

"काई नाई. जरासं काम होतं. तुही गाडी गेली तं बसून येतो."

"एवढे धान निघू द्या हनीफभाई. पुढच्या आठवड्यात जाऊ ना."

"चालते," ते म्हणाले. ब्रश घेतला, बॉनेटखाली वाकले आणि आकडा लिहिला. लिहिताना मधेच थांबले होते... की मला आता तसं वाटतं?

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. नसीमनं एक घडी केलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेली. इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आठ दिवसांच्या आत नागपूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. वर तारीख होती. त्यांनी मला विचारलं त्याच दिवसाची.

तारीख मी दोनदा वाचली. "घरी काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"आई घाबरली असती. एसटीनं निंघाले असते तं तिनं दहा प्रश्न इचारले असते. तुमच्या गाडीत बसले तं कोनी काई इचारत नाई, काका." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुकान आता तीच उघडते. निघताना मी म्हटलं, आकडा आला की गाडी घेऊन येतो. तर म्हणाली, "सावकाश या. तुमच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहून आहेत. अब्बा तुमच्या गाडीवर नऊच धरत. म्हनायचे, देवराव हजार किलोमीटर उशिराच येते, त्याच्या उशिराचं आपनच पाहून ठेवावं लागते."

मी गाडीत येऊन बसलो आणि कितीतरी वेळ चावी फिरवली नाही. अठरा वर्षं हा माणूस माझा उशीर गृहीत धरून आकडा लिहीत होता आणि मला वाटायचं माझं इंजिनच दणकट आहे. चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, एक दिवसही थांबले नाहीत. मला ओळखत होते म्हणूनच ना? पण चिठ्ठीवरचे आठ दिवस डॉक्टरांनी लिहिलेले होते. त्यातून माझ्यासाठी काही वजा करणं त्यांच्या हातात नव्हतं. आणि आठ तरी कुठे मिळाले...

आता रोज सकाळी गाडी काढायच्या आधी मी बॉनेट उचलतो. पिवळा आकडा तिथं आहे, अजून बराच लांब आहे. तो आला की नसीम डिझेलचं फडकं घेईल, तिच्या बापाचं अक्षर पुसेल आणि स्वतःचं लिहील. तशीच रीत आहे. उशीर करावा असं मनापासून वाटण्याची ही पहिलीच वेळ आहे माझी. मन म्हणतं, चालव ना अजून हजार किलोमीटर, त्यांनीच तर ठेवलेत.

नाही चालवणार. त्या आकड्याला गाडी खड्ड्यावर उभी असेल, हनीफभाई. एक किलोमीटरही पुढे नाही.